मधुमका : मशागत आणि खते

मधुमका (स्वीट कॉर्न) हा मक्याचाच एक प्रकार. दाण्यातील साखरेचे पिष्ट होण्याची क्रिया जनुकीय बदलामुळे मंदावते, म्हणून दाणा गोड राहतो. गोडी वाणातून येते; खत तिचा पाया घालत नाही. कणीस टोकापर्यंत भरणार की शेंडा बोडका राहणार, हे मात्र बऱ्याच अंशी मशागत आणि खतांवर ठरते.

पिष्ट कमी असल्याने वाळलेले बी सुरकुतलेले आणि हलके असते. अंकुराजवळ शिदोरी थोडी, त्यामुळे ढेकळांखाली किंवा खोल पडलेले बी वर येताना दमते. एक खोल नांगरट आणि कुळवाच्या दोन-तीन पाळ्या देऊन माती भुसभुशीत करतात व वाफशावर साधारण ३ ते ४ सेंमी. खोलीवर टोकण करतात. ओल्या काळ्या रानात रोटाव्हेटर फिरवला, तर वर पीठ आणि खाली कडक थर, अशी फसवी मशागत होते. मका पाणथळ सोसत नाही. रोपाचा वाढबिंदू सुरुवातीचे तीनेक आठवडे जमिनीखाली असल्याने तुंबलेल्या पाण्यात रोप गुदमरते. खरिपात भारी जमिनीत सरी-वरंब्यावर लागवड करण्याचे कारण हेच.

शेणखत हेक्टरी १० ते १२ टन, चांगले कुजलेले हवे. महाराष्ट्रात मक्यासाठी हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद व ४० किलो पालाश ही मात्रा रूढ आहे. सगळे नत्र युरियातून द्यायचे म्हटले, तर एकरी सुमारे १०४ किलो, म्हणजे ४५ किलोच्या दोन गोण्यांहून थोडे जास्त. स्फुरद व पालाश पेरणीच्या वेळी, बियांपासून बाजूला आणि खाली देतात. खत बियाला भिडले तर कोंब करपतो. नत्र पेरणीला, पीक गुडघाभर झाल्यावर आणि तुरा येण्याआधी असे तीन हप्त्यांत विभागतात. चुनखडीयुक्त रानात उघड्यावर फेकलेल्या युरियातील नत्र अमोनिया होऊन उडते. मातीआड करणे किंवा लगेच पाणी देणे बरे.

कमतरता पाने बोलून दाखवतात. खालच्या पानांच्या टोकाकडून मध्यशिरेने उतरणारा पिवळेपणा नत्राचा, जांभळट छटा स्फुरदाची, करपलेल्या कडा पालाशाच्या. कोवळ्या पानांवर मध्यशिरेलगत पांढरट पट्टे दिसले, तर जस्त कमी पडले असे समजावे. काळ्या चुनखडीच्या जमिनीत हे नेहमीचे दुखणे. स्फुरदाचा अतिरेक ते वाढवतो. झिंक सल्फेट शेणखतात मिसळून देतात, डीएपीत नव्हे.

हे पीक दाणा दुधाळ असतानाच, बहुतेक वाणांत ७५ ते ९० दिवसांत काढतात. म्हणून उशिरा टाकलेला नत्राचा हप्ता कणसाला पोचत नाही, पाला तेवढा हिरवा राहतो. तो हिरवा पाला जनावरांना वैरण म्हणून जातो आणि त्याबरोबर रानातील बराच पालाशही. मक्याच्या बेवडावर दुसरे पीक घेताना हा हिशेब सहसा कोणी धरत नाही.