संगणकाच्या सुराला आकार कुणी दिला?

आजचा विषय लढाईचा नाही, पण माझ्यासारख्या सिग्नल्सच्या माणसाला तो परकाही नाही. ऑसिलेटर म्हणजे ठरावीक वेगाने एकच लहर पुन्हा पुन्हा उमटवणारी यंत्रणा. वायरलेस सेटमध्ये ती फ्रिक्वेन्सी धरून ठेवते, सिंथेसायझरमध्ये ती सूर देते. सेटमधला ऑसिलेटर जितका निश्चल, तितका चांगला. संगीतातला मात्र फार निश्चल झाला की कानाला नकोसा होतो. इंजिनिअरांना हे शिकवलं ते त्यांचं यंत्र वापरणाऱ्या संगीतकारांनी.

गोष्ट १९५७ सालची. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या मरे हिलला बेल टेलिफोनची प्रयोगशाळा होती. तिथले मॅक्स मॅथ्यूज बोलण्याचा आवाज आकड्यांत बदलून संगणकात घालायचे आणि परत आवाजात आणायचे. त्यांचे वरिष्ठ जॉन पिअर्स, ‘ट्रान्झिस्टर’ हे नाव सुचवणारे तेच, संगीताचे शौकीन. त्यांच्या प्रोत्साहनाने मॅथ्यूज यांनी ‘म्युझिक वन’ हा प्रोग्रॅम लिहिला. संगणक होता आयबीएम ७०४, तोही न्यूयॉर्कच्या मॅडिसन अव्हेन्यूवर. तिथे आकडे चुंबकीय फितीवर उतरवायचे आणि फीत मरे हिलला आणून वाजवायची, कारण आकड्यांचा आवाज करणारं यंत्र तिकडे होतं. न्यूमन गटमन या सहकाऱ्याने त्यावर पहिली रचना केली. लांबी १७ सेकंद!

त्या ऑसिलेटरला एकच लहर येत होती, त्रिकोणी. स्वर किती उंच, किती मोठा आणि किती वेळ, एवढंच सांगता येई. स्वर उठतो कसा, विरतो कसा, यावर काही ताबा नाही. गायकाला ‘आ’कार लावा म्हणावं आणि त्याने दाराची घंटा वाजवावी, तसा प्रकार. पुढच्या ‘म्युझिक टू’मध्ये चार आवाज आले आणि सोळा लहरींतून निवड करायची सोय झाली.

ही सोय कशी झाली ते जरा सावकाश पाहू, कारण आजही असंख्य सॉफ्टवेअर सिंथेसायझर याच युक्तीवर चालतात. लहरीचा एक फेरा आकड्यांच्या तक्त्यात एकदाच लिहून ठेवायचा. समजा तक्त्यात ५१२ आकडे आहेत आणि आपण सेकंदाला १०,००० आकडे बाहेर पाठवतो. सेकंदाला १०० फेऱ्यांचा स्वर हवा, तर दर वेळी तक्त्यात ५.१२ घरं पुढे जायचं. आता ५.१२ वं घर कुठून आणणार? अपूर्णांक टाकून दिला तर सुरात खरखर मिसळते. मग तक्ता मोठा करा, नाहीतर शेजारच्या दोन घरांमधला आकडा अंदाजाने काढा. दुसरी अडचण आणखी वाईट. १०,००० आकड्यांत ५,००० च्या वरचा स्वर मावतच नाही. तुम्ही ६,००० मागा, कानावर ४,००० पडतो. सिनेमात गाडीची चाकं उलटी फिरताना दिसतात, तीच ही फसगत.

पण खरा बदल १९६० च्या ‘म्युझिक थ्री’मध्ये झाला. मॅथ्यूज यांनी ऑसिलेटर हा सुटा ठोकळा केला. किती मोठा आणि किती वेगाने, या त्याच्या दोन्ही सूचना आता दुसऱ्या ठोकळ्याकडूनही घेता येऊ लागल्या. संगीतकाराला काय हवं असेल हे आधीच ठरवण्याऐवजी जोडणी त्याच्याच हातात दिली. माझ्या मते संपूर्ण गोष्टीतला सर्वांत शहाणा निर्णय हाच.

१९६१ मध्ये जेम्स टेनी हे तरुण संगीतकार तिथे आले. त्यांना स्वच्छ सूर नकोच होता. बोगद्यातल्या वाहतुकीच्या गोंगाटाने त्यांना भुरळ घातली होती. त्यांनी ऑसिलेटरला यादृच्छिक आकड्यांनी हलवून त्यातून गोंगाटाचे पट्टे काढले.

नंतर फ्रान्सहून ज्यां-क्लोद रिसे आले, भौतिकशास्त्रज्ञ आणि संगीतकारही. ट्रम्पेटच्या लहरीचा तक्ता भरला तरी संगणकातून ट्रम्पेट का वाजत नाही, हा त्यांचा प्रश्न. खऱ्या ट्रम्पेटचे स्वर संगणकाकडून तपासून घेतल्यावर त्यांना कारण सापडलं: लहरीचा आकार स्थिर नसतोच. आवाज चढतो तसे वरचे हार्मोनिक जास्त वेगाने वाढतात. आपल्या मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी नीट लावली की तार छेडल्यावर क्षणाक्षणाला रंग बदलत जातो, हे कुठल्याही तंबोरा लावणाऱ्याला ठाऊक आहे. रिसेंनी ते ट्रम्पेटच्या बाबतीत आकड्यांत दाखवलं. मात्र त्यांच्या पद्धतीत प्रत्येक हार्मोनिकला वेगळा ऑसिलेटर लागे. खर्च फार, वेळ फार.

यावर तोडगा स्टॅनफर्डला निघाला. जॉन चाउनिंग यांनी मॅथ्यूज यांचा १९६३ चा लेख वाचला, १९६४ मध्ये मरे हिल गाठलं आणि ‘म्युझिक फोर’ची पंच कार्डं घेऊन परतले. १९६७ मध्ये ते एका ऑसिलेटरने दुसऱ्याला कंप देत होते. कंप वाढवत नेला, तेव्हा एका टप्प्यानंतर तो कंप म्हणून ऐकूच येईना, सुराचा रंगच बदलला! १९७१ मध्ये त्यांना रिसेंचा ट्रम्पेट आठवला. आवाज चढेल तसा कंपही वाढवला, आणि दोन साध्या ऑसिलेटरांमधून पितळी वाद्याचा सूर निघाला. यामाहाने ही पद्धत परवान्यावर घेतली. १९८३ मध्ये तिच्या डीएक्स-७ या कीबोर्डमध्ये एकेका स्वरामागे असे सहा ऑसिलेटर होते.