जुन्या स्पोर्ट्स कारचे झिजलेले ॲक्सल : पुनर्बांधणी करावी की नवे बसवावे?

गिअरबॉक्समधून निघालेली शक्ती चाकापर्यंत नेणारा पोलादी दांडा म्हणजे हाफ शाफ्ट. बोलीभाषेत त्यालाच सरसकट ‘ॲक्सल’ म्हटले जाते. वीस-तीस वर्षांहून जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये हा भाग बहुधा अखेरीस दुर्लक्षित राहतो. इंजिनाची निगा राखली जाते, रंगकामावर पैसा खर्च होतो, आणि वाहनाच्या पोटाखाली फिरणाऱ्या दांड्याकडे लक्ष जाते ते खडखड सुरू झाल्यावरच. त्या वेळी मालकापुढे दोन मार्ग असतात : मूळ शाफ्ट उघडून, धुऊन, झिजलेले भाग बदलून तो पुन्हा उभा करणे, किंवा संपूर्ण तयार शाफ्ट विकत घेऊन बसवणे. जानेवारी २०२३ मध्ये बडोद्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्यात जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले होते. अशा गाड्या जपणाऱ्यांचे वर्तुळ आपल्या भागातही रुंदावत असल्याने या निवडीचे निकष नीट समजून घेणे उपयुक्त ठरेल.

तीन प्रकारची रचना

निर्णय घेण्यापूर्वी आपल्या गाडीत कोणती रचना आहे, हे ओळखावे लागते.

पहिला प्रकार अखंड मागील आसाचा. एमजीबीसारख्या ब्रिटिश गाडीत दोन्ही हाफ शाफ्ट एका बंद नळीत असतात. तेथे झीज मुख्यतः शाफ्टच्या टोकावरील दात्यांची, म्हणजे स्प्लाइनची, आणि बेअरिंगची होते. पिळवटलेल्या अथवा झिजलेल्या स्प्लाइनला दुरुस्ती नाही. शाफ्ट बदलावाच लागतो.

दुसरा प्रकार क्रॉस जॉइंटचा. १९६१ मध्ये आलेल्या जॅग्वार ई-टाइपमध्ये हाफ शाफ्टच्या दोन्ही टोकांना असे सांधे आहेत, आणि शाफ्ट हाच मागील सस्पेन्शनचा वरचा दुवाही आहे. म्हणून या गाडीत सांधा निकामी होणे म्हणजे केवळ शक्ती खंडित होणे नव्हे. चाकाला जागेवर धरून ठेवणारा आधारच ढळतो. ट्रायम्फ टीआर ६ मध्ये (१९६९ ते १९७६) क्रॉस जॉइंटबरोबर सरकणारी स्प्लाइन आहे. ती कोरडी पडली की जोराखाली अडकते, मग एकदम सुटते, आणि वळणावर गाडीचा मागचा भाग झटका देतो. या प्रकारात क्रॉस जॉइंट स्वतंत्रपणे मिळतो व प्रेसवर बदलता येतो. त्यामुळे स्प्लाइन शाबूत असेल तर पुनर्बांधणी हाच सरळ मार्ग होय.

तिसरा प्रकार सीव्ही जॉइंटचा. खरा पेच येथेच उभा राहतो. म्हणून पुढील विवेचन प्रामुख्याने याच प्रकाराविषयी, आणि उदाहरणादाखल १९८२ ते १९९१ या काळात तयार झालेल्या पोर्श ९४४ विषयी आहे. या गाडीचे इंजिन पुढे व गिअरबॉक्स मागे असतो. गिअरबॉक्सच्या दोन बाजूंना दोन हाफ शाफ्ट, आणि प्रत्येकाच्या दोन टोकांना एकेक, असे एकूण चार सीव्ही जॉइंट असतात. १९७० व १९८० च्या दशकांतील पोर्श ९११ मध्येही रचना तत्त्वतः अशीच आहे.

सांध्याच्या आत काय असते?

साधा क्रॉस जॉइंट कोनात फिरताना प्रत्येक फेऱ्यात दोनदा किंचित वेगवान व दोनदा किंचित मंद होतो. सीव्ही जॉइंट, अर्थात समवेग सांधा, हा दोष टाळतो. आल्फ्रेड र्झेपा या अभियंत्याने १९२० च्या दशकात सहा पोलादी गोळ्यांचा सांधा विकसित केला. आजचे बहुतेक सीव्ही जॉइंट त्याच कल्पनेचे वंशज आहेत.

पोर्शच्या सांध्यात चार घटक असतात : बाहेरचे कडे, आतला तुंबा, त्यांच्यामधील सहा गोळे, आणि गोळ्यांना एका पातळीत धरणारा पिंजरा. कड्यावरील व तुंब्यावरील चर एकमेकांच्या विरुद्ध दिशेने तिरपे कापलेले असतात. त्यामुळे सांधा कोनात फिरतो, तसाच आत-बाहेरही सरकतो. चाक खाली-वर होताना शाफ्टची आवश्यक लांबी बदलते. ती या सरकण्यातून भरून निघते.

या सर्व हालचालीला तारणारी वस्तू एकच : मॉलिब्डेनम डायसल्फाइडयुक्त काळे ग्रीस. ते जागेवर ठेवते रबरी बूट. म्हणूनच सांध्याचे आयुष्य पोलादापेक्षा रबरावर अधिक अवलंबून असते. बूट चिरला की ग्रीस बाहेर फेकले जाते, धूळ व पाणी आत शिरते, आणि त्यांचा लगदा घासलेपाचे काम करू लागतो. गोवा आणि कोकणच्या किनारपट्टीवर याला खारट दमट हवेची जोड मिळते. पावसाळाभर एका जागी उभ्या असलेल्या गाडीत गोळा जेथे टेकलेला असतो तेथेच गंज धरतो व चरावर खड्डा पडतो. थोडे चाललेले ॲक्सल चांगलेच असणार, हा समज म्हणूनच फसवा आहे.

आवाज कशाचा, हे आधी ठरवा

सीव्ही जॉइंटची झीज तीन रूपांत प्रकटते. वळणावर ॲक्सिलरेटर दाबताच लयबद्ध टकटक. ॲक्सिलरेटर सोडता-दाबताना मागून येणारा एकच धक्का. आणि जोर देताना जाणवणारी, जोर काढताच कमी होणारी थरथर. मात्र ही लक्षणे केवळ याच भागाची नसतात. गिअरबॉक्सचे थकलेले रबरी माउंटिंग असाच धक्का देते. चाकाचे बेअरिंग घूं-घूं करते. पण तो आवाज ॲक्सिलरेटरपेक्षा वेगाशी व वळणाच्या बाजूशी निगडित असतो.

सर्वांत आधी तपासावी ती सर्वांत स्वस्त गोष्ट. ९४४ मध्ये प्रत्येक सांधा सहा एम ८ बोल्टने फ्लँजला जोडलेला असतो आणि त्यांचा विहित टॉर्क ४२ न्यूटन-मीटर आहे. हे बोल्ट सैल झाले, तरी झिजलेल्या ॲक्सलसारखाच आवाज येतो. सैल बोल्ट दुर्लक्षित राहिले तर एकेक करून तुटतात. सुटलेला शाफ्ट फिरत राहिला तर आजूबाजूच्या ब्रेक पाइपवर आदळू शकतो. म्हणून टॉर्क रेंच लावून पाहण्यापूर्वी नव्या ॲक्सलची मागणी नोंदवू नये.

उघडल्यानंतरची परीक्षा

पुनर्बांधणी शक्य आहे की नाही, हे बाहेरून सांगता येत नाही. सांधा शाफ्टवरून उतरवून, रॉकेलने स्वच्छ धुऊन, कोरडा करून उजेडात पाहावा लागतो. तपासणीचे निकष पुढीलप्रमाणे :

— चरात गोळ्यांच्या मार्गाची नुसती चकचकीत रेघ दिसत असेल, तर ती सामान्य झीज होय. सांधा पुन्हा वापरता येतो.

— नख फिरवल्यावर अडकेल असा खड्डा, पापुद्रा किंवा कडा जाणवत असेल, तर पृष्ठभागाचा कठीण थर फुटलेला आहे. सांधा बाद समजावा.

— पिंजऱ्याच्या खिडकीत गोळा खुळखुळत असेल, तर टकटक जाणार नाही. नवे ग्रीस तिला काही दिवस केवळ झाकून ठेवील.

— पोलादावर निळसर छटा दिसत असेल, तर सांधा ग्रीसविना तापलेला आहे. तोही बाद.

— शाफ्टच्या स्प्लाइन सरळ रेषेत नसतील किंवा तुंबा त्यांवर हलत असेल, तर केवळ सांधा बदलून भागणार नाही. शाफ्टही बदलावा लागेल.

पर्यायांचे मूल्यमापन

*केवळ बूट व ग्रीस.* सांधे निरोगी असून रबर तेवढे फाटले असेल, तर हाच पर्याय योग्य. खर्च सर्वांत कमी, आणि मूळ कारखान्याचे पोलाद गाडीतच राहते. एक बूट फाटला असेल तर उरलेलेही त्याच वयाचे असतात. शाफ्ट खाली उतरलेलाच असताना चारही बूट बदलणे शहाणपणाचे.

*शाफ्टची अदलाबदल.* गाडी बहुतांश वेळ पुढेच धावते, म्हणून गोळे चराच्या एकाच भिंतीवर दाब देतात. डावा शाफ्ट उजवीकडे व उजवा डावीकडे बसवला की दाब दुसऱ्या, कमी झिजलेल्या भिंतीवर येतो. दोन्ही शाफ्ट एकाच लांबीचे असतील तरच हे शक्य आहे. हा उपाय सौम्य झिजेवर आयुष्य वाढवतो. खड्डे पडलेला सांधा त्याने बरा होत नाही.

*मूळ शाफ्टवर नवे सांधे.* शाफ्ट सरळ व स्प्लाइन शाबूत असतील, तर जुन्या स्पोर्ट्स कारसाठी हा बहुधा सर्वोत्तम मध्यममार्ग ठरतो. शाफ्ट स्वतः क्वचितच झिजतो. झिजतात ते सांधे. नामांकित उत्पादकाचे सांधे घेतल्यास, उदाहरणार्थ जीकेएन समूहाच्या लोब्रो नाममुद्रेचे, मूळ दर्जा जवळपास राखता येतो.

*कारखान्यात पुनर्निर्मित ॲक्सल.* जुना शाफ्ट परत देऊन तयार शाफ्ट घेण्याची पद्धत परदेशात रूढ आहे. येथे एक प्रश्न आवर्जून विचारावा : सांधे नवे घातले आहेत, की जुनेच चर घासून मोठे गोळे बसवले आहेत? पोलादाचा कठीण थर केवळ पृष्ठभागापुरता असतो. घासताना तो पातळ झाला, तर वरून देखणा दिसणारा सांधा अल्पावधीत पुन्हा खड्डे धरतो. शिवाय परत गेलेला तुमचा मूळ शाफ्ट पुन्हा हाती येत नाही; बदल्यात येणारा कोणत्या गाडीवर किती चाललेला होता, हे कळत नाही.

*संपूर्ण नवा पर्यायी ॲक्सल.* काम सर्वांत जलद होते. स्प्लाइन पिळवटलेल्या असतील किंवा शाफ्टला खोल गंज लागलेला असेल, तर दुसरा इलाजही नसतो. परंतु स्वस्त पर्यायी ॲक्सलमध्ये रबराचा दर्जा, ग्रीसचे प्रमाण आणि पोलादाची कठीणता यांची खात्री नसते. बसवण्यापूर्वी जुन्याशी लांबी, फ्लँजचा व्यास आणि बोल्टची छिद्रे ताडून पाहावीत. एकाच मॉडेलमध्येही वर्षागणिक हे माप बदललेले असू शकते.

मजुरीचा हिशेबही लक्षात घ्यावा. शाफ्ट उतरवणे व चढवणे हे काम सर्व पर्यायांत सारखेच. फरक पडतो तो बाकावरील काही तासांच्या धुण्या-बांधण्यात. स्वतः हात काळे करण्याची तयारी असेल, तर पुनर्बांधणीचे पारडे जड होते. ९४४ मध्ये शाफ्ट दोन्ही टोकांना फ्लँजवर असल्याने चाकाचा मध्यवर्ती मोठा नट सोडावा लागत नाही, हीही सोय आहे.

पुनर्बांधणीतील हमखास चुका

बोल्टच्या डोक्यातील खाच मातीने व वाळलेल्या ग्रीसने भरलेली असते. ती टोकदार हत्याराने पूर्ण साफ केल्याशिवाय पाना घालू नये. अन्यथा खाच झिजते आणि अर्ध्या तासाचे काम दिवसभर चालते.

प्रत्येक सांध्याचे कडे, तुंबा, पिंजरा व गोळे हा एकत्र जुळवलेला संच असतो. एकाचे गोळे दुसऱ्यात घालू नयेत. उघडण्यापूर्वी खुणा कराव्यात.

जोडणी करताना कड्यावरील रुंद अंतराचे चर तुंब्यावरील अरुंद अंतराच्या चरांसमोर यावे लागतात. हे उलटे झाले तर सांधा जुळल्यासारखा दिसतो, पण अडकतो. जोडलेला सांधा हाताने सर्व दिशांना मोकळा फिरतो की नाही, हे पाहूनच पुढे जावे. शाफ्टवर चढवताना तुंब्याची दिशा, त्यामागील बशीसारखी वॉशर आणि टोकाची सर्क्लिप यांचा क्रम मूळप्रमाणेच असावा; सर्क्लिप मात्र नवी घालावी.

जुन्या ग्रीसवर नवे भरू नये. दोन प्रकारची ग्रीस एकत्र आली तर पातळ होऊन वाहू शकतात. फ्लँजचे पृष्ठभाग ग्रीसविरहित असावेत, कारण तेलकट फ्लँजवर बोल्ट सैल होण्याचा धोका वाढतो. थोडे अंतर चालवून झाल्यावर सर्व बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासावेत.

निष्कर्ष

निर्णयाचा क्रम सोपा आहे. आधी बोल्ट व माउंटिंग तपासा. मग सांधा धुऊन पाहा. चर निरोगी असतील तर बूट व ग्रीस; खड्डे असतील आणि शाफ्ट चांगला असेल तर नवे सांधे; शाफ्टच बिघडला असेल तर संपूर्ण ॲक्सल. नवा ॲक्सल बसवला, तरी परतीची अट नसेल तेथे जुना शाफ्ट ग्रीस चोपडून, कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावा. उत्पादन थांबलेल्या गाडीचे चांगले पोलाद दरवर्षी दुर्मीळ होत जाते. आज भंगारात टाकलेला सरळ शाफ्ट उद्या कोणत्याही किमतीला मिळेल, याची शाश्वती नसते.