अजगराची ऊब

सर्प अंडी घालतो व निघून जातो, अशी युरोपीय पंडितांची पक्की समजूत होती. अजगराची मादी वेटोळे घालून अंड्यांना ऊब देते, हे बंगालमध्ये राहून आलेल्या लामार-पिको या फ्रेंच प्रवाशाने १८३२ च्या सुमारास पॅरिसच्या विद्वानांपुढे मांडले. पण थोर सर्पशास्त्रज्ञ द्युमेरील यांना ते पटले नाही. (दूरदेशी पाहिलेल्या गोष्टीला राजधानीत नेहमीच पुरावा लागतो!)

तो पुरावा पॅरिसमध्येच मिळाला. तिथल्या हवेत हा उष्ण प्रदेशातील प्राणी काय वाढणार? परंतु प्राणिसंग्रहालयात कृत्रिम ऊब होती. १८४१ च्या मे महिन्यात तेथील मादीने पंधरा अंडी घातली आणि सुमारे दोन महिने त्यांच्यावरचे वेटोळे मोडले नाही. व्हालांसिएन यांनी वेटोळ्यात उष्णतामापक ठेवला, तर देह भोवतालच्या हवेहून स्पष्टपणे उष्ण भरला. जुलैत आठ पिल्ले बाहेर आली.

ही ऊब येते कोठून, हे १९६६ साली न्यूयॉर्कमधील प्रयोगांनी उलगडले: मादी स्नायू आखडून कापते, आणि थंडी वाढली की कापणेही वाढते. आज परदेशांतील सर्पपालक दिवे व तापमान कमी करून खोटा हिवाळा निर्माण करतात. विणीचा हंगाम मग पंचांग पाहत नाही. आपल्याकडे मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अजगर घरी पाळण्यास बंदी आहे.