भरलेला घट कसा ओळखावा?

बोलताना आपण ज्याला ‘सेल’ म्हणतो त्याला ग्रांथिक मराठीत ‘विद्युत्-घट’ असे नाव आहे. पाण्याचा घट नळाखाली ठेवला, तर तो भरल्याचे घरातील लहान मुलासही कळते. पाणी काठावरून वाहू लागते. विजेच्या घटाचे तसे नाही. तो भरलेला असो वा रिता असो, बाहेरून सारखाच दिसतो. मग तो भरला हे ओळखावे कसे, आणि भरणे थांबवावे केव्हा? प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याचे समाधानकारक उत्तर मिळण्यास शंभर वर्षांहून अधिक काळ जावा लागला. ते उत्तर आज तळहाताएवढ्या एका यंत्रात सामावून छायाचित्रकाराच्या पिशवीत येऊन बसले आहे. बाजारात त्याला ‘स्मार्ट चार्जर’ म्हणतात. श्रोतेहो, त्याचीच कुळकथा आज आपणांस सांगावयाची आहे.

इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टाने इ. स. १८०० मध्ये धातूंच्या चकत्यांची चळत रचून तीतून विजेचा अखंड प्रवाह मिळवून दाखविला. ही चळत एकदा निकामी झाली की झाली. तिच्यात वीज पुन्हा भरता येत नसे. पुन्हा पुन्हा भरता येईल असा पहिला व्यवहारोपयोगी घट फ्रान्सच्या गॅस्तों प्लांते याने १८५९ मध्ये तयार केला. शिशाचे दोन पत्रे एकमेकांस चिकटणार नाहीत अशा रीतीने गुंडाळून त्याने ते सौम्य गंधकाम्लात बुडविले होते. मोटारगाडीतील जी बॅटरी आपण पाहतो ती या घटाचीच वंशज होय.

प्लांतेचा घट उघडा होता, आणि हेच त्याचे सोयीचे अंग होते. तो भरत आला की आतील पाण्याचे विघटन होऊन बुडबुडे उठू लागत. भरणाऱ्याने ते पाहावे, प्रवाह बंद करावा आणि उडून गेलेल्या पाण्याची भर घालावी. म्हणजे विजेच्या या घटालाही एक प्रकारचा काठ होता. स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर याने १८९९ मध्ये निकेल आणि कॅडमियम या धातूंचा नवा घट बनविला, तोही प्रथम असाच उघडा होता. त्यात आम्लाच्या जागी पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण होते. हा घट दणकट आणि दीर्घायुषी निघाला. परंतु द्रावणाने भरलेले उघडे भांडे खिशात घालून कोण फिरणार?

इकडे छायाचित्रकलेची गरज वेगळ्याच वाटेने वाढत होती. रात्री वा अंधाऱ्या खोलीत छायाचित्र घ्यावयाचे तर उजेड कोठून आणावा? जर्मनीत १८८७ मध्ये मॅग्नेशियमची भुकटी पेटवून क्षणभर लख्ख प्रकाश पाडण्याची युक्ती निघाली. उजेड मिळाला, पण त्याबरोबर धूर आला आणि हात भाजण्याची धास्तीही आली. १९३० च्या सुमारास काचेत बंद केलेले प्रकाशगोल आले. धूर गेला, मात्र प्रत्येक चित्रास एक नवा गोल खर्ची पडू लागला. १९३१ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रज्ञान-संस्थेत हॅरल्ड एजर्टन याने वायूने भरलेल्या नळीतून विजेचा झोत सोडून क्षणार्धाचा प्रकाश निर्माण केला. ती नळी पुन्हा पुन्हा वापरता येई. आजच्या प्रत्येक इलेक्ट्रॉनिक फ्लॅशचे मूळ तेथे आहे.

या फ्लॅशमध्ये सुमारे तीनशे व्होल्ट दाबाची वीज एका धारित्रात साठविली जाते आणि ती एका क्षणात नळीतून मोकळी होते. पुढच्या चित्रासाठी धारित्र पुन्हा भरावे लागते, आणि हे काम घटांकडे असते. आरंभीच्या काळात त्यासाठी छायाचित्रकार खांद्याला शिसे-आम्लाच्या संचायकाची जड पेटी अडकवून हिंडत. पुढे लहान घटांवर काम भागू लागले, आणि आपण ज्यांना ‘पेन्सिल सेल’ म्हणतो त्या ‘डबल ए’ मापाच्या चार घटांवर फ्लॅश चालू लागला. घट ताजे असतील तर फ्लॅश काही सेकंदांत सज्ज होतो. थकलेले असतील तर तीच वाट फार लांबते. लग्नात अंतरपाट दूर होतो किंवा चर्चमध्ये वधूच्या बोटात अंगठी घातली जाते, तो क्षण छायाचित्रकारासाठी थांबत नाही. चार घटांपैकी एक जरी दुबळा निघाला, तरी त्या घरच्या संग्रहात ते पान कायमचे कोरे राहते.

लहान, न सांडणारा आणि तरीही पुन्हा भरता येणारा घट हवा असेल, तर तो पूर्णपणे बंद असणे आवश्यक होते. १९४७ च्या सुमारास निकेल-कॅडमियमचा असा बंद घट साधला. युक्ती अशी की, घटाचे ऋण टोक धन टोकापेक्षा मुद्दाम मोठे ठेवावयाचे. मग भरणे पुरे झाल्यावर धन टोकाशी जो प्राणवायू सुटतो तो ऋण टोकाकडे जाऊन तेथे शोषला जातो, आणि घट फुटत नाही. ही मोठी सोय झाली खरी. परंतु तिच्यापायी घटाचा काठच नाहीसा झाला. बुडबुडे दिसेनात. आत काय चालले आहे हे सांगणारी एकही खूण डोळ्यांना उरली नाही.

तेव्हा लोकांनी घड्याळाचा आश्रय घेतला. पहिले घरगुती चार्जर म्हणजे एक लहान रोहित्र, एक डायोड आणि एक रोध, एवढाच संसार असे. दोन हजार मिलिअँपिअर-तासांचा घट दोनशे मिलिअँपिअरने भरावयाचा, तर दहा तास पुरेसे व्हावेत, असे अंकगणित म्हणते. परंतु घातलेली सगळीच वीज साठत नाही, म्हणून प्रत्यक्षात चौदा ते सोळा तास धरावे लागतात. या हिशेबात एक गोष्ट गृहीत आहे: घट आरंभी पूर्ण रिता असला पाहिजे. अर्धा भरलेला घट लावला तर उरलेले सात-आठ तास त्याच्या माथी नुसती उष्णता मारली जाते. आपल्याकडे ‘अति तेथे माती’ असे म्हणतात. घटाच्या बाबतीत ही म्हण अक्षरशः खरी आहे. उष्णतेने आतील द्रव्ये बिघडतात, दाब वाढला तर सुरक्षा-झडप उघडते, द्रावण कमी होते, आणि शेकडो वेळा भरता येणारा घट अल्पावधीत टाकाऊ होतो. लोक घटाला दोष देत. वास्तविक दोष थांबणे न जाणणाऱ्या चार्जरचा असे.

वस्तुतः बंद घटही भरल्याची खूण देत होता. ती फार बारीक असल्यामुळे माणसाच्या ध्यानात येत नव्हती, इतकेच. घट भरू लागला की त्याच्या दोन टोकांमधील विद्युत्-दाब हळूहळू चढतो. भरणे पुरे झाले की प्राणवायू शोषला जाऊ लागतो, त्यातून उष्णता निघते, आणि तापलेल्या घटाचा दाब किंचित खाली येतो. चढणीवरून जाणारी वाट शिखरानंतर जरा उतरावी, तसे हे घडते. निकेल-कॅडमियमच्या घटात हा उतार सुमारे दहा ते वीस मिलिव्होल्टांचा असतो. दाबाची सतत नोंद ठेवून उतार दिसताच प्रवाह तोडणारे मंडल जोडले, की काम झाले. स्मार्ट चार्जरची सारी ‘बुद्धी’ ती एवढीच. परंतु एवढी बुद्धीही मोठ्या मोलाची ठरली.

१९९० च्या सुमारास निकेल-मेटल हायड्राइडचा घट बाजारात आला. त्यात कॅडमियमऐवजी हायड्रोजन शोषून घेणारा मिश्रधातू असतो, आणि त्याच मापात सुमारे दुप्पट वीज मावते. डिजिटल कॅमेऱ्यांचा काळ सुरू झाला तेव्हा त्यांची भूक भागविण्यास हा घट अगदी वेळेवर आला. अडचण मात्र जुनीच, किंबहुना अधिक बिकट झाली. या घटातील उतार अवघा पाच मिलिव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टचा दोनशेवा हिस्सा, कधी त्याहूनही कमी असतो. शिवाय घट फार मंद प्रवाहाने भरला तर तो उतार दिसतच नाही. हळू भरणे नेहमी सुरक्षित, असा जो समज आहे तो या यंत्रांपुरता तरी अपुरा आहे. म्हणून चार्जरमध्ये दाब मोजणाऱ्या सूक्ष्म-नियंत्रकाच्या जोडीला तापमान पाहणारा संवेदक आणि ठरावीक वेळेनंतर प्रवाह तोडणारे घड्याळ असे आणखी दोन राखणदार नेमले गेले. चांगल्या चार्जरमध्ये प्रत्येक घटाचा हिशेब स्वतंत्र असतो. दोन घट एका ओळीत भरले तर एक आधी भरतो आणि दुसऱ्याची वाट पाहत तापत राहतो. वर्गातल्या प्रत्येक मुलाची पाटी वेगळी तपासावी, तसाच हा न्याय होय.

तरी एक उणीव राहिली होती. भरून ठेवलेला हायड्राइड घट न वापरताही झिरपत असे. महिन्याभरात पाचवा हिस्सा किंवा त्याहून अधिक वीज निघून जाई. समारंभाच्या आदल्या रात्री घट भरावेच लागत. नोव्हेंबर २००५ मध्ये जपानच्या सान्यो कंपनीने ‘एनेलूप’ नावाचे घट आणले, आणि वर्षभर ठेवूनही बहुतांश वीज टिकविणारे घट सामान्य ग्राहकाला मिळू लागले.

या इतिहासाला एक गंभीर बाजूही आहे. कॅडमियम हे विष आहे. जपानच्या तोयामा भागात खाणीतून वाहून आलेल्या कॅडमियमने जिंझू नदीकाठची शेती दूषित झाली. ते अन्न खाणाऱ्यांना हाडे ठिसूळ करणारा अतिवेदनामय रोग जडला. त्याचे कारण कॅडमियमच होय, हे १९६८ मध्ये तेथील सरकारने मान्य केले. ते विष घटांतून आलेले नव्हते. पण फेकलेल्या घटांतील कॅडमियम मातीत मिसळू नये ही काळजी तेव्हापासून अधिकच रास्त ठरली. युरोपीय संघाने २००६ च्या निर्देशाने लहान घटांतील कॅडमियमवर काही अपवाद वगळता कडक मर्यादा घातली. भारतातही ऑगस्ट २०२२ मध्ये निघालेल्या नियमांनी जुने घट परत घेऊन त्यांतील धातू पुन्हा वापरात आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तेव्हा घटाचे आयुष्य वाढविणारा चार्जर हा केवळ छायाचित्रकाराच्या पैशांची बचत करीत नाही. उकिरड्यावर जाणारे ओझेही तो हलके करतो.

आज बहुतेक कॅमेऱ्यांत लिथियम-आयनचे घट असतात आणि त्यांची भरण्याची रीत निराळी आहे. तरीही अनेक फ्लॅश आणि त्यांना दुरून इशारा देणारी साधने पेन्सिल सेलवरच चालतात. ज्यांच्या घरी असे घट आहेत त्यांनी चारांचा एक संच करावा, त्यावर खरेदीची तारीख लिहावी, आणि तो संच फुटू देऊ नये. नव्यात जुना मिसळला की जुना आधी संपतो व बाकीचे तिघे त्याला उलट दिशेने रेटू लागतात. चार्जर घेताना त्याच्या चारही खणांची सूचक खूण वेगवेगळी आहे ना, हे दुकानातच पाहून घ्यावे. आणि ज्या चार्जरवर ‘अमुक तास लावून ठेवा’ एवढीच सूचना छापलेली असेल, त्याला घट भरल्याचे कळत नाही, असे समजून तो दुकानदाराला परत द्यावा.