फुटलेल्या तळ्याचा कायदा

ताम्हिणीचा रस्ता मुळशीच्या जलाशयाच्या कडेकडेने जातो. भर पावसाळ्यात हे पाणी पाहिले, की ते अडवणाऱ्याच्या माथी केवढी जबाबदारी आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. कायद्यातले ‘कठोर दायित्व’ जन्मले ते अशाच अडवलेल्या पाण्यातून.

१८६० साली इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात रायलँड्स या गिरणीमालकाने तळे बांधून घेतले. खोदकामात कंत्राटदाराला बंद पडलेल्या जुन्या खाणीची विवरे लागली. ती त्याने नीट बुजवली नाहीत. तळे भरताच पाणी त्या वाटेने फ्लेचरच्या कोळसा खाणीत शिरले. रायलँड्सला विवरांची कल्पनाही नव्हती. तरी १८६८ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने ठरवले: निसटली तर घात करील अशी गोष्ट जो साठवतो, त्याने नुकसान भरावे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये दिल्लीच्या ओलियम वायुगळतीच्या खटल्यात धोकादायक उद्योगांसाठी हा नियम आणखी कडक केला.

आज साठा माहितीचा आणि पैशांचा आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत घुसखोरी करून चोरांनी ९४ कोटींहून अधिक रुपये पळवले. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने आलेले कलम ४३अ संवेदनशील माहिती हाताळणाऱ्या कंपनीच्या निष्काळजीपणाला भरपाई लावते. म्हणजे जाब तळ्याच्या मालकाला. सॉफ्टवेअर घडवणारा मात्र ‘आहे तसे घ्या’ असे करारात लिहून मोकळा होतो.

सॉफ्टवेअर ही वस्तू आहे का, हा प्रश्न आपल्याकडे आधी करापोटी आला. टाटा कन्सल्टन्सीच्या खटल्यात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने तयार विकले जाणारे सॉफ्टवेअर विक्रीकरासाठी ‘माल’ ठरवले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष उत्पादनाचे दायित्व आणले, पण त्यातली ‘उत्पादना’ची व्याख्या वायू, द्रव, घन यांची भाषा बोलते. सॉफ्टवेअरचे नाव घेत नाही. युरोपीय संघाने ते २०२४ च्या निर्देशात स्पष्ट घेतले. डिसेंबर २०२६ पासून बाजारात येणाऱ्या सॉफ्टवेअरच्या दोषाने व्यक्तीचे नुकसान झाले, तर निर्मात्याला भरपाई द्यावी लागेल.

आपणही तेच करावे. कर घेताना जो माल असतो, तो नुकसान भरताना हवेत विरू नये. आणि विवर ज्याच्या कुदळीला लागले, ते बुजवण्याचे उत्तरही आधी त्यानेच द्यावे.