आचंद्रार्क

बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची कल्याणी. कलबुर्गीतलं मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांचं मान्यखेट. या मुलखातल्या जुन्या दानशिळांच्या माथ्यावर पाहावं: एक पूर्ण गोल, शेजारी कोर. ती दानाची मुदत आहे: आचंद्रार्क. ‘आ’ म्हणजे पर्यंत, ‘अर्क’ म्हणजे सूर्य. चंद्रसूर्य असेतो जमीन देवळाची. अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्यालाही ही अट वाचता यायची, याचं मला फार मोल वाटतं. चंद्र कोरीचाच का? पूर्ण काढला तर सूर्यापासून वेगळा कसा ओळखणार? आजच्या खगोलशास्त्रातही सूर्याची खूण बिंदू असलेलं वर्तुळ, चंद्राची कोरच. कोकणात शिलाहार राजांच्या गद्धेगाळ नावाच्या दानशिळांवरही हीच जोडी. खाली दान मोडणाऱ्यासाठी शापाचं चित्र.