आतड्यातून फुफ्फुसात : डुकरांच्या एका कोरोनाविषाणूची कुळकथा

डुकरांच्या पिल्लांना होणाऱ्या संक्रामक जठरांत्रदाहाला विषाणू कारणीभूत आहे, हे अमेरिकेतील इंडियाना राज्यात पर्ड्यू विद्यापीठाच्या डॉइल आणि हचिंग्ज यांनी १९४६ साली दाखवून दिले. हा कोरोनाविषाणू लहान आतड्यातील रसांकुरांच्या, म्हणजे अन्नरस शोषून घेणाऱ्या सूक्ष्म उंचवट्यांच्या, पेशींत वाढतो आणि त्यांचा नाश करतो. रसांकुर खुरटले की दूध पचत नाही. पिल्लाला वांत्या होतात, पिवळसर पातळ हगवणीत दुधाच्या न पचलेल्या गुठळ्या दिसतात आणि अंगातील पाणी आटून ते काही दिवसांतच दगावते. दोन आठवड्यांखालील पिल्ले जवळजवळ सगळीच मरतात. मोठी डुकरे मात्र सावरतात, कारण त्यांच्या आतड्यात झिजलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी लवकर येतात.

१९८४ साली बेल्जियममध्ये एक कोडे उभे राहिले. ज्या कळपांना लस टोचलेली नव्हती आणि ज्यांत हगवणीचा मागमूसही नव्हता, त्यांतील डुकरांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे सापडू लागली. गेंट येथील मॉरिस पेन्सार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना या कळपांत जो विषाणू मिळाला, तो जुन्या विषाणूचाच वंशज होता; पण तो आतड्याऐवजी श्वसनमार्गात आणि फुफ्फुसात वाढत होता आणि त्याच्या लागणीची लक्षणे बहुधा जाणवतही नव्हती.

दोहोंच्या जनुकांची तुलना झाली तेव्हा या पालटाचे मर्म विषाणूच्या पृष्ठभागावरील स्पाइक प्रथिनात सापडले. आरएनएची नक्कल उतरवणारे विकर अधूनमधून मूळ प्रतीवरून सुटते आणि पुढे कोठेतरी पुन्हा लागू होते. त्यामुळे मधला मजकूर नव्या प्रतीत उतरतच नाही. अशाच तुटीत युरोपीय विषाणूच्या स्पाइक जनुकातील ६७२ न्यूक्लिओटाइडे, म्हणजे सुमारे साडेचौदाशे अमिनो आम्लांच्या साखळीतील २२४ आम्ले, गळून गेली. पेशीवरील अमिनोपेप्टिडेज-एन या ग्राहीला चिकटणारा भाग शाबूत राहिला; गेला तो सियालिक आम्लयुक्त शर्करांना धरणारा भाग, आणि त्याबरोबर आतड्यात जम बसवण्याची ताकदही गेली. तथापि सर्व श्रेय या एका तुटीला देणे योग्य नाही, कारण अखंड स्पाइकमध्येही २१९ व्या स्थानाजवळची एक-दोन अमिनो आम्ले बदलली तरी आतड्यातील वाढ खुंटते, असे प्रयोगांत आढळले आहे. रोगकारकता, म्हणजे रोग घडवण्याची क्षमता, हा विषाणूचा अंगभूत आणि अढळ गुण मानण्याची सवय येथे सोडावी लागते: विषाणू कोणत्या पेशीपर्यंत पोहोचतो, यावर ती फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.

हा दुबळा वंशज हवेतून युरोपभर झपाट्याने पसरला आणि त्याच्या लागणीने आलेल्या प्रतिकारशक्तीमुळे जठरांत्रदाहाच्या साथी तेथे विलक्षण कमी झाल्या. माणसाने योजलेल्या कोणत्याही लसीकरणाला जे साधले नव्हते, ते एका चुकलेल्या नकलेने साधले, ही पशुवैद्यकाच्या इतिहासातील खरोखर अपूर्व घटना आहे. हे संरक्षण अपुरे होते, शिवाय दुसऱ्या श्वसनविषाणूंच्या जोडीने हा विषाणू फुफ्फुसाला बरीच इजा करू शकतो, हेही नोंदवले पाहिजे. निदानाची पंचाईत वेगळीच होती: जुन्या रक्तचाचणीला दोन विषाणूंच्या प्रतिपिंडांत फरक करता येत नसल्याने निरोगी डुकरेही रोगग्रस्त ठरत. गळालेल्या तुकड्यालाच ओळखणारी एकल-कृंतक प्रतिपिंडे वापरून नवी चाचणी बेतली गेली, तेव्हा कोठे हा घोळ सुटला.

१९८९ च्या सुमारास अमेरिकेतही असाच श्वसनविषाणू आढळला. मात्र तेथील नमुन्यांत तुटीची लांबी ६२१ पासून ६८१ न्यूक्लिओटाइडांपर्यंत निरनिराळी निघाली आणि तिची जागाही सर्वत्र एकच नव्हती; म्हणून तो युरोपातून आलेला नसून तेथल्याच जठरांत्रदाहाच्या विषाणूपासून स्वतंत्रपणे, आणि बहुधा एकाहून अधिक वेळा, उपजला असावा, असे मानले जाते.